एकवीस निर्धाव षटकांच्या आड

पुण्याहून पश्चिमेस पौडच्या वाटेनें गेलें म्हणजे मुळशीचें धरण लागतें. पावसाळा सरल्यावर त्या धरणापाशीं उभा राहणारा मनुष्य प्रथम एकच गोष्ट पाहतो. ती ही कीं, ह्या भिंतीनें मुळेचें पाणी अडविलें आहे. भिंतीचें काम अडविण्याचें, आणि तें ती मुकाट्यानें करीत असते. परंतु तेंच अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या पलीकडे नेलेलें आहे, आणि कड्याखालीं कोंकणांत भिरा येथें तें कोसळून १९२७ पासून वीज निर्माण करीत आलें आहे, ही गोष्ट नुसत्या भिंतीकडे पाहून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. (ह्या धरणापायीं जीं गांवें बुडालीं आणि सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं जो सत्याग्रह केला, तो इतिहास निराळा व दुःखाचा आहे, त्याचा विचार स्वतंत्रपणेंच झाला पाहिजे.) येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं, अडविणारी भिंत डोळ्यांना दिसते, तिच्यामुळें निर्माण झालेली शक्ति मात्र दूर कोठें तरी, दुसऱ्याच्याच घरांत उजळते.

मैदानी खेळांतहि हाच प्रकार घडतो. हुतुतूच्या मैदानांत चढाई करून गडी मारून आणणाऱ्याचें नांव प्रत्येकाच्या तोंडीं असतें. कोपरा सांभाळणारा गडी एखादे वेळीं चढाईला गेला आणि दोघांना टिपून परत आला, तर लोक तें नशिबाचें दान समजतात. बास्केटबॉलमध्यें जो खेळाडू प्रतिपक्षाच्या उत्तम नेमबाजास जखडून ठेवतो, त्याच्या नांवापुढें एकदां 'बचावाचा खेळाडू' असा शिक्का पडला, कीं त्यानें स्वतः टोपलींत टाकलेले चेंडू मोजावयास कोणी बसत नाहीं. एका गुणाची कीर्ति अतोनात वाढली म्हणजे बाकीच्या गुणांना तिच्या सावलींत राहावें लागतें. ह्या प्रकाराचें महाराष्ट्रांतील सर्वांत ठळक उदाहरण क्रिकेटच्या इतिहासांत सांपडतें, आणि तें म्हणजे बापू नाडकर्णी ह्यांचें.

रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी ह्यांचा जन्म ४ एप्रिल १९३३ रोजीं नाशिकास झाला. १९५५ ते १९६८ ह्या काळांत ते भारताकडून ४१ कसोटी सामने खेळले. डाव्या हातानें मंदगति गोलंदाजी करणारे आणि डाव्याच हातानें फलंदाजी करणारे असे ते अष्टपैलू खेळाडू होते. तथापि आज कोणत्याहि सुशिक्षित घरांत त्यांचें नांव काढलें, तर उत्तर ठरलेलें असतें: "ते एकवीस निर्धाव षटकें टाकणारे ना?" हें उत्तर चुकीचें नाहीं. पण तें अपुरें आहे. आणि तें किती अपुरें आहे हें समजून घ्यावयाचें तर त्या एकवीस षटकांपासूनच आरंभ करावयास हवा.

जानेवारी १९६४ मध्यें इंग्लंडचा संघ मद्रासला कॉर्पोरेशन स्टेडियमवर पहिला कसोटी सामना खेळत होता. भारतानें पहिला डाव ७ बाद ४५७ धावांवर सोडला होता. त्यांत बुधी कुंदरन ह्यांच्या १९२ आणि विजय मांजरेकर ह्यांच्या १०८ धावा होत्या. इंग्लंडच्या डावांत ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन हे दोघे चिवट फलंदाज खेळत असतां नाडकर्ण्यांच्या हातीं चेंडू आला. त्या डावांत त्यांनीं चार तुकड्यांमध्यें गोलंदाजी केली. पहिल्या तुकडींत ३ षटकें टाकलीं, तीं तिन्ही निर्धाव. दुसरींत ७, पैकीं ५ निर्धाव, धावा २. तिसऱ्या तुकडींत १९ षटकें, पैकीं १८ निर्धाव, आणि धाव अवघी १. चौथींत ३ षटकें, १ निर्धाव, धावा २. एकंदर हिशेब ३२ षटकें, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकहि नाहीं. ह्यांपैकीं लागोपाठ २१ षटकें निर्धाव गेलीं आणि सलग १३१ चेंडूंवर एकहि धाव निघाली नाहीं. दक्षिण आफ्रिकेचे ह्यू टेफील्ड ह्यांनीं १९५६–५७ च्या हंगामांत डरबन येथें सलग १३७ चेंडू निर्धाव टाकले होते. परंतु तेथें षटक हें नांवापुरतेंच, कारण त्या वेळीं तेथें आठ चेंडूंचें षटक चालत असे. लागोपाठच्या निर्धाव षटकांची गणना करावयाची तर मान बापूंचाच.

आतां ज्यांना हा खेळ केवळ कानांवरून ठाऊक आहे त्यांच्यासाठीं थोडा खुलासा. षटक म्हणजे सहा चेंडूंचा पाळीचा वांटा. तो एका टोकाकडून टाकून झाला कीं पुढील षटक दुसरा गोलंदाज दुसऱ्या टोकाकडून टाकतो. म्हणजेच गोलंदाजी ही नेहमीं जोडीची असते. ही गोष्ट वरवर पाहतां क्षुल्लक वाटते; परंतु बापूंच्या खेळाचें सारें मर्म तींत आहे. एका टोकाकडून धावांची वाट पूर्णपणें बंद झाली, तर फलंदाज कितीहि शांत स्वभावाचा असो, त्याच्या मनांतील धावांची भूक कोठें तरी बाहेर पडावयास पाहते. ती जेथें बाहेर पडते तें टोक अर्थात् दुसरें. एरवी जो चेंडू त्यानें सोडून दिला असता त्यालाच तो बॅट लावावयास जातो, आणि बळी पडतो. तो बळी वहींत कोणाच्या नांवें लिहिला जातो? दुसऱ्या गोलंदाजाच्या.

मद्रासच्या त्या डावांत नेमकें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. इंग्लंडचा डाव ३१७ धावांत आटोपला, आणि त्यांत चंदू बोर्डे ह्यांनीं ८८ धावांत ५ बळी घेतले. बोर्डे हेहि पुण्याचे, आणि ते उत्तम फिरकी गोलंदाज होते, ह्यांत शंका नाहीं. त्यांच्या यशांतील एक कणहि कमी करण्याचें कारण नाहीं. तथापि समोरच्या टोकाकडून कित्येक तास धावांचा थेंब सुद्धां झिरपत नव्हता, ह्या गोष्टीचा त्या पांच बळींशीं कांहींच संबंध नव्हता असें म्हणणें धाडसाचें होईल. नाडकर्ण्यांच्या नांवासमोर बळींच्या रकान्यांत शून्य आहे. मुळशीची भिंतहि स्वतः दिवा लावीत नाहीं.

मात्र केवळ एवढ्यावर थांबलों तर नाडकर्ण्यांना पुन्हां भिंतच ठरविल्यासारखें होईल. 'ते अडवीत, म्हणून दुसऱ्यांना बळी मिळत' ही स्तुति अर्धीच आहे, कारण ते स्वतःहि बळी घेत. आणि कोणत्या भावानें घेत हें फारसें कोणी पाहिलेलें नाहीं. गोलंदाजाची किंमत ठरविण्याची एक जुनी रीत अशी आहे कीं, त्यानें दिलेल्या एकंदर धावांस त्यानें घेतलेल्या बळींनीं भागावयाचें. भागाकार जितका लहान तितका गोलंदाज मोठा. नाडकर्ण्यांचे कसोटी सामन्यांतील बळी ८८, आणि प्रत्येक बळीमागें पडलेल्या धावा २९.०७. आतां भारताच्या ज्या गोलंदाजांस सारें जग आक्रमक म्हणून ओळखतें त्यांचे भाव पाहावे. सुभाष गुप्ते ह्यांचा २९.५५. चंद्रशेखर ह्यांचा २९.७४. प्रसन्ना ह्यांचा ३०.३८. विनू मांकड ह्यांचा ३२.३२. ह्या नामावळींत बिशनसिंग बेदी तेवढे नाडकर्ण्यांच्या थोडे पुढें आहेत. त्यांचा भाव २८.७१. ज्या मनुष्यास आपण केवळ धावा रोखणारा म्हणून ओळखतों, त्यानें एकेक बळी गुप्ते व चंद्रशेखर ह्यांच्याहून स्वस्तांत मिळविलेला आहे! हे आंकडे कोणीं लपवून ठेवलेले नव्हते. ते प्रत्येक क्रिकेटच्या वहींत छापलेले आहेत. फक्त एकवीस ह्या आंकड्यापुढें त्यांच्याकडे लक्ष जात नाहीं.

ह्यावर एखादा चिकित्सक मनुष्य आक्षेप घेईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. तो म्हणेल, "धावांचा हिशेब ठीक आहे, पण वेळेचें काय?" आक्षेप खरा आहे. नाडकर्ण्यांनीं ८८ बळींसाठीं ९,१६५ चेंडू टाकले. म्हणजे एका बळीस सुमारें १०४ चेंडू, अर्थात् सतरा षटकांहून अधिक. चंद्रशेखर ह्यांना एक बळी सरासरी ६६ चेंडूंत, म्हणजे अकरा षटकांत मिळे. गुप्त्यांना ७६ चेंडूंत, बेदींना ८० चेंडूंत. कसोटी सामना पांच दिवसांचा. त्यांत वेळ ही धावांइतकीच मोलाची वस्तु आहे, आणि ज्या संघाला सामना जिंकावयाचा असतो त्याला प्रतिपक्षाचे वीस गडी मुदतींत बाद करावे लागतात. त्या दृष्टीनें चंद्रशेखर हे अधिक घातक गोलंदाज होते, हें कोणीहि मान्य करील. दोघेहि एकाच मुक्कामास पोंचत, एक घाट चढून आणि दुसरा वळसा घालून; वाटखर्च तेवढा सारखा. परंतु वळशानें जाणारा मुक्कामास पोंचतच नाहीं, असा जो समज रूढ झाला आहे, तो मात्र चुकीचा आहे.

शिवाय नाडकर्णी वळशानें कां जात, हाहि प्रश्न विचारावयास हवा. त्या काळीं भारताच्या संघास पराभवाचें भय फार होतें. १९६०–६१ मध्यें पाकिस्तानविरुद्ध पांच सामने झाले आणि पांचहि अनिर्णित राहिले. १९६३–६४ मध्यें इंग्लंडविरुद्ध पांच सामने झाले. तेहि पांचहि अनिर्णित. ज्या मालिकांत हरूं नये हीच दोन्ही बाजूंची मुख्य इच्छा, तेथें संघनायक अशा गोलंदाजास कोणतें काम सांगणार? 'एक टोक बंद करून ठेव.' पाकिस्तानविरुद्ध कानपूर येथें त्यांनीं ३२ षटकांपैकीं २४ निर्धाव टाकलीं आणि २३ धावा दिल्या. दिल्ली येथें ३४ पैकीं २४ निर्धाव, २४ धावा, १ बळी. जें काम सांगितलें तें त्यांनीं इतकें चोख केलें कीं पुढें तेंच काम त्यांच्या वांट्यास येत राहिलें. कचेरींतील एखाद्या कारकुनाचें अक्षर सुंदर आहे म्हणून त्याला जन्मभर नकलाच करावयास देतात, त्यांतलाच हा प्रकार. त्याला मसुदा करतां येतो कीं नाहीं, हें कोणी पाहातच नाहीं.

हा चोखपणा कोठून आला ह्याविषयीं एक गोष्ट नेहमीं सांगितली जाते. सरावाच्या वेळीं नाडकर्णी खेळपट्टीवर, चांगला टप्पा जेथें पडावा अशा जागीं, एक नाणें ठेवीत आणि त्या नाण्यावर चेंडू पाडण्याचा अभ्यास करीत. ह्या गोष्टीचा उपयोगहि लोक त्यांच्या बचावाचें वर्णन करण्यासाठींच करतात. वास्तविक नेम हा बचावाचा गुण आहे कीं आक्रमणाचा, हें शस्त्राच्या धाऱ्यास विचारावें. ज्याला नाण्यावर चेंडू टाकतां येतो, त्याला नाण्याच्या चार बोटें पुढें किंवा मागेंहि जाणूनबुजून टाकतां येतो. आणि एकाच जागीं पडणाऱ्या पन्नास चेंडूंनंतर जो एकावन्नावा चेंडू चार बोटें पुढें पडतो, त्यानेंच फलंदाज फसतो. खेळपट्टीनें थोडी साथ दिली कीं असल्या नेमाचें काय होतें, हें लवकरच दिसून आलें.

त्या प्रसिद्ध एकवीस षटकांना नऊ महिने होतात न होतात तोंच, ऑक्टोबर १९६४ मध्यें, ऑस्ट्रेलियाचा संघ त्याच मद्रास शहरीं त्याच मैदानावर उतरला. बॉब सिम्प्सन हे त्यांचे नायक. पहिल्या डावांत ऑस्ट्रेलिया २११ धावांत बाद झाली. नाडकर्ण्यांनीं ३१ धावांत ५ बळी घेतले. दुसऱ्या डावांत ऑस्ट्रेलियानें ३९७ धावा केल्या. त्यांतहि पन्नासांहून अधिक षटकें टाकून नाडकर्ण्यांनीं ९१ धावांत ६ बळी मिळविले. एका सामन्यांत १२२ धावांत ११ बळी! जानेवारींत ज्या मैदानावर हा मनुष्य बळीविना ३२ षटकें टाकतो, त्याच मैदानावर ऑक्टोबरांत तो जगांतील एका प्रबळ संघाचे अकरा गडी टिपतो. ह्या दोन सामन्यांपैकीं पहिला सर्वांच्या स्मरणांत आहे आणि दुसरा फारच थोड्यांच्या. ह्याचें एक कारण उघड आहे. तो सामना भारत १३९ धावांनीं हरला, आणि हरलेल्या सामन्यांतील पराक्रम लोकांच्या मनांत फार दिवस टिकत नाहीं. पतौडीच्या नबाबांनीं त्याच सामन्यांत नाबाद १२८ धावा केल्या होत्या. त्याहि आज फारशा कोणी आठवीत नाहीं.

परंतु लगेच पुढचा सामना मुंबईस ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाला आणि तो भारतानें जिंकला. ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव २७४ धावांत संपला. त्यांत चंद्रशेखर ह्यांनीं ७३ धावांत ४ आणि नाडकर्ण्यांनीं ३३ धावांत ४ बळी घेतले. भारताला २५४ धावा हव्या होत्या. त्या ८ गडी गमावून झाल्या, आणि दोन गडी राखून सामना हातीं आला. अशा अटीतटीच्या सामन्यांत ३३ धावांत ४ बळी म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. आणखी पंधरावीस धावा दिल्या गेल्या असत्या, तर अखेरच्या फलंदाजांची काय अवस्था झाली असती कोण जाणे. म्हणजे येथें बचाव आणि आक्रमण हीं दोन कामें नव्हतींच. एकाच चेंडूनें दोन्ही साधत होतीं.

गोलंदाजीचें हें झालें. फलंदाजीची कथा ह्याहून अधिक उपेक्षेची आहे. ती सांगण्यासाठीं थोडें मागें, पुण्याकडे, यावें लागतें. पुणें विद्यापीठाची स्थापना होऊन दोनएक वर्षें झालीं असतील, तोंच १९५०–५१ च्या आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया स्पर्धेंत त्याच्या संघांतून खेळतांना नाडकर्णी पुढें आले, आणि लगेच पुढच्या हंगामांत महाराष्ट्राकडून रणजी स्पर्धेंत खेळूं लागले. ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्ध महाराष्ट्राचे नऊ गडी बाद झाले असतां शेवटचे फलंदाज म्हणून कोल्हापूरचे सदाशिव पाटील मैदानांत आले. पाटील हे जलद गोलंदाज. बॅट हें त्यांचें हत्यार नव्हे. पण ह्या शेवटच्या जोडीनें अवघ्या ७५ मिनिटांत १०३ धावा जोडल्या, आणि नाडकर्णी १०३ धावांवर नाबाद राहिले. तें त्यांचें पहिलें शतक. तासासव्वातासांत शंभर धावांची भागी, तीहि शेवटच्या जोडीची आणि मुंबईसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध! ज्यांना नाडकर्णी म्हणजे कंटाळवाण्या खेळाचें दुसरें नांव वाटतें, त्यांना हें वाचून आश्चर्य वाटेल.

पहिला कसोटी सामना त्यांना डिसेंबर १९५५ मध्यें दिल्लीस न्यूझीलंडविरुद्ध मिळाला, तो मांकडांना विश्रांति दिल्यामुळें. त्या सामन्यांत त्यांना एकहि बळी मिळाला नाहीं. पण त्यांत त्यांचा एकट्याचा दोष नव्हता. न्यूझीलंडनें पहिला डाव २ बाद ४५० वर सोडला होता आणि बर्ट सट्क्लिफ ह्यांनीं नाबाद २३० धावा काढल्या होत्या. मात्र फलंदाजी करतांना ह्या नवख्या खेळाडूनें नाबाद ६८ धावा केल्या. ही गोष्ट त्या वेळींहि कोणी फारशी मनावर घेतली असें दिसत नाहीं. पुढें ते मुंबईच्या संघांत गेले, आणि १९६०–६१ च्या रणजी उपांत्य सामन्यांत दिल्लीविरुद्ध त्यांनीं नाबाद २८३ धावा केल्या. सर्व प्रथम श्रेणीच्या सामन्यांत मिळून त्यांच्या धावा ८,८८० भरल्या, सरासरी ४०.३६, शतकें १४. त्याच सामन्यांत बळी ५००, आणि प्रत्येकीं धावा फक्त २१.३७. हे आंकडे कोणा एका परक्या देशाच्या खेळाडूचे म्हणून सांगितले, तर ऐकणारा त्याला थोर अष्टपैलू म्हणून नमस्कार करील.

कसोटी सामन्यांत त्यांची सरासरी २५.७० पर्यंतच राहिली, हें नाकारतां येत नाहीं, शतकहि एकच. ह्या तफावतीचें सारें कारण उपेक्षा हेंच आहे असें म्हणणें पक्षपाताचें होईल. जगांतील उत्तम गोलंदाजांसमोर त्यांच्या बॅटीच्या मर्यादा उघड्या पडल्याच असतील. परंतु वारंवार खालच्या क्रमांकावर, जोडीदार संपत आले असतां खेळावयास येणाऱ्या फलंदाजानें शतकें तरी किती करावीं? त्यांना वेळ आणि संधि दोन्ही मिळाल्यावर काय घडलें, हें त्याच १९६४ सालच्या फेब्रुवारींत कानपूरला दिसलें. मद्रासचीं एकवीस षटकें आणि कानपूरचा हा सामना हीं एकाच मालिकेचीं दोन टोकें आहेत. इंग्लंडनें ८ बाद ५५९ धावा केल्या. उत्तरादाखल भारत २६६ धावांत आटोपला. त्यांत नाडकर्णी नाबाद ५२. तब्बल २९३ धावांची पिछाडी, आणि फॉलोऑनची नामुष्की. दुसऱ्या डावांत दिलीप सरदेसाई ह्यांनीं ८७, कुंदरन ह्यांनीं ५५ आणि सलीम दुराणी ह्यांनीं नाबाद ६१ धावा केल्या. परंतु डावाचा कणा होता नाडकर्ण्यांचा. ते १२२ धावांवर नाबाद राहिले, आणि भारतानें ३ बाद ३४७ करून सामना वांचविला. एका सामन्यांत १७४ धावा, आणि दोन्ही डावांत इंग्लंडला त्यांना बाद करतां आलें नाहीं.

येथेंहि एक गंमत आहे. ह्या १२२ धावांनीं सामना वांचला, जिंकला गेला नाहीं. म्हणून त्याहि लोकांनीं बचावाच्याच खातीं जमा केल्या! जणुं काय शंभरावर बावीस धावा नुसता चेंडू अडवून होतात. एकाच मालिकेंत ज्या मनुष्यानें सलग एकवीस षटकें धाव दिली नाहीं, त्यानेंच शेवटच्या सामन्यांत बाद न होतां पावणेदोनशें धावा केल्या, ही खरी नवलाची बाब होय. मालिकेची आठवण काढतांना हीं दोन टोकें कधींतरी एकत्र सांगितलीं गेलीं पाहिजेत.

१९६७ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यावर भारतानें बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन् अशी तरुण फिरकी चौकडी नेली. नाडकर्णी त्या संघांत नव्हते. चौकडीच्या तेजांत जुन्या मंडळींचा विसर पडणें स्वाभाविक होतें. पण १९६७–६८ च्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड दौऱ्यासाठीं त्यांना पुन्हां बोलावणें आलें. न्यूझीलंडमधील मालिका भारतानें ३–१ अशी जिंकली. परदेशांत भारतानें जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका. ह्या मालिकेंत प्रसन्नांनीं २४ बळी घेतले आणि त्यांचें नांव गाजलें, तें योग्यच झालें. वेलिंग्टनच्या सामन्यांत अजित वाडेकरांनीं १४३ धावा काढल्या. कसोटींतील त्यांचें तें एकमेव शतक, म्हणून तोहि सामना वाडेकरांच्या नांवें लक्षांत राहिला. त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावांत न्यूझीलंडचा संघ १९९ धावांत बाद झाला. त्या डावांत नाडकर्ण्यांनीं ४३ धावांत ६ बळी घेतले. त्यांच्या सबंध कसोटी आयुष्यांतील एका डावाची ती सर्वोत्तम कामगिरी. त्यानंतर भारताला फक्त ५९ धावा करावयाच्या उरल्या आणि सामना ८ गडी राखून जिंकला गेला. त्या वेळीं त्यांचें वय पस्तिशीस टेकलें होतें.

लगेच पुढच्या सामन्यांत ऑकलंड येथें भारत २७२ धावांनीं विजयी झाला, आणि तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना ठरला. न्यूझीलंडविरुद्ध बळीविना आरंभ करून न्यूझीलंडविरुद्धच विजयानें त्यांनीं निरोप घेतला. १९८०–८१ मध्यें भारताचा संघ ऑस्ट्रेलियास गेला तेव्हां ते साहाय्यक व्यवस्थापक म्हणून बरोबर होते. खेळाडूंना धीर देतांना "छोडो मत" हे दोन शब्द त्यांच्या तोंडीं नेहमीं असत, असें सुनील गावस्कर ह्यांनीं नंतर सांगितलें. १७ जानेवारी २०२० रोजीं मुंबईस वयाच्या ८६ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत त्यांच्या नांवाबरोबर मोठ्या टाइपांत जो आंकडा छापून आला तो एकवीस हाच होता. मद्रासचे अकरा बळी, कानपूरच्या नाबाद १२२ धावा आणि वेलिंग्टनचे सहा बळी हे जेथें आले तेथें खालच्या बारीक टाइपांत आले.